घाट उतरताना लघवी निसटते, म्हणून धावणं सोडायचं का?

प्रश्न : वय ३८, साताऱ्यात शाळेत शिकवते. मुलं नऊ आणि सहा वर्षांची. पहिल्या वेळी चिमटा लावावा लागला होता, दुसरं बाळंतपण साधं झालं. दोन वर्षांपासून धावते आहे आणि चार महिन्यांनी यवतेश्वर घाटातली अर्धमॅरेथॉन पहिल्यांदाच करायची आहे. अडचण अशी, की साधारण पाच किलोमीटरनंतर लघवी निसटायला लागते, घाट उतरताना तर हमखास. शिंक आली तरी थेंब-दोन थेंब जातात. हल्ली घराचं कुलूप काढेपर्यंतही दम निघत नाही. काळ्या टाइट्स, आत पाळीचं पॅड, रात्री नऊनंतर पाणी बंद आणि निघण्याआधी तीनदा बाथरूम, असं निभावते आहे. व्हिडिओ बघून महिनाभर केगल केले, म्हणजे लघवी करताना मध्येच धार रोखायची. फरक पडला नाही. सासूबाई म्हणतात, दोन बाळंतपणं झाली की हे असायचंच. डॉक्टर म्हणाल्या, धावणं बंद करा, चालत जा. कुणाचं ऐकू? कृपया नाव छापू नका.

उत्तर : ताई, दोघींचंही ऐकू नका. बाळंतपणानंतर हे खूप जणींना होतं, इतकं सासूबाईंचं खरं आहे. पण पुष्कळ जणींना होतं म्हणून त्याला इलाज नाही, असं थोडंच आहे? आणि धावणं थांबवलंत तर गळणं नुसतं दिसेनासं होईल. शिंकेबरोबर जातात ते थेंब जातच राहतील, आणि दोन वर्षं कमावलेला दम मात्र हातचा जाईल. धावत राहा. फक्त पुढचे तीन महिने कसं आणि किती धावायचं ते बदलावं लागेल, आणि ज्या स्नायूंकडून हे काम करून घ्यायचं त्यांना रीतसर तयार करावं लागेल.

तुमच्या पत्रात खरं तर दोन तक्रारी आहेत. उतारावर आणि शिंकेला गळतं ते दाबाचं गळणं. डॉक्टर त्याला स्ट्रेस इनकॉन्टिनन्स म्हणतात. कागदावर ‘स्ट्रेस’ वाचून बऱ्याच जणी समजतात की मनाच्या ताणामुळे होतंय. इथे ताण म्हणजे पोटातून खाली येणारा दाब, मनाशी त्याचा संबंध नाही. कुलपापाशी होते ती दुसरी तक्रार, घाईच्या लघवीची. तिचं कारण वेगळं, उपायही वेगळा, आणि माझ्या मते ती तुम्ही नकळत स्वतःच वाढवली आहे. आधी पहिलीबद्दल.

पुढे जांघांच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी ताणून बसवलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्या आधारावर असतात, आणि मूत्रमार्ग, योनी, गुदमार्ग या तिन्ही वाटा तिच्यातूनच बाहेर येतात. मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा. मिशिगन विद्यापीठातले डॉ. जॉन डीलान्सी यांनी १९९४ मध्ये त्याचं काम फार सोप्या शब्दांत सांगितलं : पाण्याचा पाइप फरशीवर असेल आणि त्यावर पाय दिला, तर धार बंद होते. तोच पाइप चिखलात असेल, तर पायाखाली तो नुसता रुतत जातो आणि पाणी वाहतच राहतं. वरून पडणारा दाब तोच, फरक खालच्या आधाराचा. शिंकताना, उडी मारताना मूत्रमार्ग मिटण्यासाठी त्याच्याखाली फरशी लागते, आणि ती फरशी म्हणजे ही झोळी आणि तिच्यावरचं घट्ट अस्तर.

धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीच पट जोर उलटा येतो. मिनिटाला १६५ पावलं धरली, तर अडीच तासांच्या अर्धमॅरेथॉनमध्ये सुमारे २५ हजार पावलं होतात. तितक्या वेळा या झोळीने पाय टेकण्याच्या किंचित आधी आपण होऊन आवळलं पाहिजे. तुमच्या बाबतीत पहिले पाच किलोमीटर ती हे करते. नंतर बहुधा थकते, आवळणं उशिरा आणि अर्धवट होऊ लागतं. याचा अर्थ पाया बहुधा जागेवर आहे, दमसास कमी पडतोय, आणि दमसास वाढवता येतो. उतारावर पाऊल लांब पडतं, टाच अंगाच्या पुष्कळ पुढे आपटते, म्हणून तिथे हमखास.

हे फक्त बाळंतपणाचं देणं नाही, हे सासूबाईंना सांगायला एक आकडा देते. १९९४ मध्येच अमेरिकेत कॉलेजच्या १४४ खेळाडू मुलींना याबद्दल विचारलं गेलं. सरासरी वय २० आणि एकीचंही बाळंतपण झालेलं नव्हतं. खेळताना लघवी निसटते असं २८ टक्के जणींनी सांगितलं. जिम्नॅस्टिक्सवाल्यांत हे प्रमाण ६७ टक्के होतं, गोल्फ खेळणाऱ्यांत शून्य. जितकं आपटणं जास्त, तितकं गळणं जास्त. मात्र चिमट्याची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांगा. चिमटा लावलेल्या बाळंतपणात हा स्नायू पुढच्या हाडापासून एका बाजूने सुटण्याची शक्यता साध्या बाळंतपणापेक्षा जास्त असते. तसं झालेलं असेल तरी व्यायामाचा उपयोग होतो, पण कुठवर होईल हे आधी कळलेलं बरं.

म्हणून पहिली पायरी तपासणीची. लघवीची साधी तपासणी आणि रक्तातली साखर, या दोन्ही आधी करून घ्या, कारण जंतुसंसर्ग आणि मधुमेह दोन्ही अशीच घाई लावतात. मग तीन दिवस लघवीची डायरी लिहा : किती वाजता, किती मिलिलिटर (त्यासाठी मापाचा एक मग बाथरूममध्ये वेगळा ठेवा), कधी गळलं, त्या वेळी काय करत होता, काय आणि किती प्यालात. त्यातला एक दिवस धावण्याचा असू द्या. मोठ्या माणसाचं मूत्राशय आरामात ३०० ते ५०० मिलिलिटर धरतं. तुमच्या डायरीत दर खेपेला १००-१५० दिसलं, तर कुलपापाशी होणाऱ्या घाईचं उत्तर तिथेच सापडलं. आतून तपासताना डॉक्टरांना दोन गोष्टी बघायला सांगा : अंग खाली उतरलंय का, आणि झोळी आवळता येते तशी सैल सोडताही येते का. झोपून केलेल्या तपासणीत उतरलेलं अंग कधी कधी कळत नाही, तेव्हा उभं राहूनही बघायची विनंती करा. त्यात काही वावगं नाही.

लघवीतून रक्त येणं, लघवी अडणं, सतत ठिबकत राहणं, योनीतून काही बाहेर आल्यासारखं हाताला लागणं, यातलं काही असेल तर व्यायाम करत वाट बघू नका, आधी डॉक्टरांकडे जा. बसताना टेकते त्या जागी एकाएकी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

आता केगल, म्हणजे ही झोळी आवळण्या-सोडण्याचा व्यायाम. तुम्ही महिनाभर जे केलंत त्यात दोन चुका होत्या. लघवीची धार रोखणं ही स्नायू कोणता ते एकदा ओळखण्याची युक्ती आहे, तो व्यायाम नव्हे. मूत्राशय आकुंचन पावत असताना झोळीने सैल व्हायचं असतं. तिला रोज उलटं शिकवलं तर मूत्राशय पुरतं रिकामं होत नाही. दुसरी चूक मुदतीची. उपचार कसे करावेत हे सांगणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेची २०१९ ची मार्गदर्शिका दाबाच्या गळण्यासाठी हाच व्यायाम पहिला उपचार म्हणून सांगते, पण जाणकाराच्या देखरेखीखाली, निदान तीन महिने, दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ आकुंचनं. महिन्याभरात स्नायू जागा होतो. त्याला बळ यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

उताणं झोपा, गुडघे वाकवून तळवे टेकवा. श्वास सोडताना मागून सुरुवात करा : चारचौघांत गॅस अडवतो तसं. मग ते आवळणं पुढे न्या, लघवी अडवतो तसं. आणि मग सगळंच आत, वर उचला. नितंब कडक होता कामा नयेत, मांड्या एकमेकींवर दाबायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. हातात आरसा धरून बघा. योनी आणि गुदद्वाराच्या मधली जागा आत ओढली जाताना दिसली पाहिजे. ती बाहेर फुगत असेल, तर तुम्ही उचलत नसून खाली कुंथताय, आणि त्याने गळणं वाढेल. ही चूक फार सर्रास होते. १९९१ मधल्या एका अभ्यासात ४७ बायकांना हा व्यायाम नुसता तोंडी समजावून दिला. नीट जमला तो निम्म्यांनाही नाही, आणि २५ टक्के जणी असं काही करत होत्या की ज्याने त्रास वाढावा. म्हणून माझा आग्रह आहे की निदान एकदा तरी पेल्व्हिक फ्लोअरचं (म्हणजे याच झोळीचं) काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टने हातमोजा घालून, आत बोट ठेवून तपासावं. साताऱ्यात कुणी मिळालं नाही, तर पुण्याची एक फेरी करा. पुढचं व्हिडिओ कॉलवर चालतं.

योगवर्गात मूलबंध शिकला असाल, तर ओळखीचं वाटेल. जागा जवळपास तीच. पण मूलबंध बहुधा श्वास रोखून धरतात, इथे श्वास वाहता हवा, कारण धावताना तो वाहताच असणार आहे.

मोजणी स्वतःपासून सुरू करा. घट्ट पकड चार सेकंद टिकते आणि पाच वेळा जमते, सहाव्यांदा निसटते, असं असेल तर तुमचा हिशेब चार सेकंद, पाच वेळा. दर दोन आकुंचनांमध्ये तितकाच वेळ पूर्ण सैल सोडा. हे सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं. दर आठवड्याला एखादा सेकंद किंवा एखादी खेप वाढवत दहा सेकंद, दहा वेळा, इथवर जायचं. त्याच बैठकीत शेवटी दहा झटपट : आवळा, सोडा, आवळा, सोडा. धावण्यासाठी ही चपळ आकुंचनं फार कामाची. पहिले दोन-तीन आठवडे झोपून, मग खुर्चीत बसून, मग उभ्याने. सहाव्या आठवड्यापासून ती उभ्याने, एका पायावर, पायरी उतरताना आणि टाचा उचलून धप्पकन खाली टेकवताना करा. इथेच बहुतेक जणी थांबतात. झोपून केलेला व्यायाम झोपलेल्या माणसाच्या कामाचा. तुम्हाला तो घाटात हवा आहे.

शिंक येतेय असं वाटलं, पाण्याची बादली उचलायची असली, की त्याच्या आधी आवळायचं. ही सवय आठवड्याभरातही गुण देते. पण धावताना झोळी सतत आवळून धरू नका. २५ हजार पावलं कुठलाही स्नायू धरून ठेवता येत नाही. धरून ठेवलात तर तो दुसऱ्याच किलोमीटरला थकेल, आणि पाचव्याऐवजी तिसऱ्यालाच गळायला लागेल. पोट आत ओढून, छाती पुढे काढून धावण्याचंही तेच. कमरेचे घट्ट पट्टे दाब वरून खालीच ढकलतात, ते काढून ठेवा.

काही जणींची झोळी आधीच कायम आवळलेली असते. लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, संबंधाच्या वेळी दुखतं, शौचाला त्रास होतो. अशांनी केगल वाढवले तर त्रासही वाढतो. त्यांना आधी सैल सोडायला शिकावं लागतं. तपासणीशिवाय व्यायाम नको म्हणते ते यासाठीही.

धावण्यात तुमची मर्यादा पाच किलोमीटर आहे, म्हणजे पहिले चार आठवडे सलग धावणं चार किलोमीटरच्या आत ठेवा. जास्त अंतर हवं असेल तर चार मिनिटं धावा, एक मिनिट चाला. त्या एका मिनिटात झोळीला दम घेता येतो, आणि अशा रीतीने आठ-नऊ किलोमीटर कोरडे निघू शकतात. मग धावण्याची मिनिटं वाढवा. एका आठवड्यात अंतर, वेग आणि चढ यांपैकी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने गळलं ते कळणारच नाही.

पावलं मोजा. उजवा पाय तीस सेकंदांत किती वेळा टेकतो ते मोजून चारने गुणा. ३९ आला तर मिनिटाला १५६. त्यात पाच टक्के वाढ, म्हणजे साधारण १६४, त्याच वेगाने. पाऊल आखूड होतं, टाच अंगाखाली पडते, आपटणं कमी होतं. सुरुवातीला पोटऱ्या दुखतील, म्हणून दर वेळी दहा मिनिटंच. घाट उतरताना मागे रेलून ब्रेक लावत उतरू नका. घोट्यातून किंचित पुढे झुका आणि बारीक, भराभर पावलं टाका. पहिले सहा आठवडे घाट चढा धावत आणि उतरा चालत. नंतर उताराचा एक छोटा तुकडा, दोनशे मीटर, धावून बघा.

आठवड्यातून दोनदा पायांची ताकदही हवी : एका पायावर टाच उचलणं, एका पायाचा ब्रिज (उताणं झोपून, एक पाय टेकवून कंबर वर उचलणं), कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, एका पायावर खुर्चीतून उठणं. प्रत्येकी वीस वेळा जमेपर्यंत. पोटरी, मांडी आणि नितंब धक्का झेलतात, तेवढा वर कमी पोहोचतो. (ज्या वाचक मैत्रिणी नुकत्या बाळंत झाल्या आहेत त्यांच्यासाठी : ब्रिटनमधल्या तीन फिजिओथेरपिस्टनी २०१९ मध्ये केलेली मार्गदर्शिका सांगते, की बारा आठवड्यांच्या आत धावायला लागू नये, तीन ते सहा महिने हा काळ रास्त. सिझेरियन झालं असलं तरीही.)

धावताना दोन-चार थेंब गेले म्हणजे आत काही फाटलं, असं समजू नका. पण खाली जड वाटलं, काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, तर तिथेच थांबून चालत परत या.

आता दुसरी तक्रार आणि पाणी. रात्री नऊला पाणी बंद करून पहाटे धावायला जाणं मला अजिबात पटलेलं नाही. त्याने लघवी दाट होते, दाट लघवी मूत्राशयाला टोचते आणि घाई वाढवते. शौचाला खडा होतो, आणि कुंथणं या झोळीला धावण्यापेक्षा वाईट. शिवाय घाट चढताना चक्कर आली तर ते आणखी वेगळं. निघण्याच्या दोन तास आधी ३०० मिलिलिटर पाणी सावकाश प्या, वाटेत तहानेप्रमाणे घोट घ्या. चहा-कॉफी मात्र धावून आल्यावर.

निघण्याआधी तीनदा जाण्याची सवय मोडा. गरज नसताना रिकामं करत राहिलं, की मूत्राशय थोड्याशा भरण्यालाही ओरडायला शिकतं. निघण्याआधी वीस मिनिटं एकदाच, पुरेसा वेळ देऊन जा. एरवी दिवसा दोन खेपांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवत अडीच-तीन तासांवर न्या. कुलपापाशी घाई आली की पळत सुटू नका. जागीच उभं राहा, पाच-सहा झटपट आकुंचनं करा, लाट ओसरू द्या, मग चालत आत जा. पळालात की मूत्राशयाला वाटतं, ओरडल्याने काम होतं. याला सहा आठवडे द्या.

स्पर्धेच्या ठिकाणच्या फिरत्या शौचालयात आपण सगळ्याच जणी सीटला न टेकता अर्धवट ओणव्या उभ्या राहतो. तशा अवस्थेत नितंब आणि झोळी सैल होत नाहीत, थोडी लघवी आतच राहते. सीट पुसून, कागद टाकून टेका. भारतीय पद्धतीचं असेल तर उत्तमच, पूर्ण उकिडवं बसा.

पाळीचं पॅड रक्तासाठी बनवलेलं असतं, लघवीने ते लगेच ओलं राहून मांड्या सोलवटतं. औषधांच्या दुकानात लघवीसाठीची पातळ पॅड मिळतात, ती घ्या, आणि जांघेत पेट्रोलियम जेली लावा. डॉक्टरांकडे आणखी एक गोष्ट विचारा : पेसरी. अंग बाहेर येण्यावर योनीत कडी बसवतात, त्यातलाच एक प्रकार गुंडी असलेला असतो. ती गुंडी मूत्रमार्गाला खालून टेकू देते. माप घेऊन बसवली तर फक्त धावताना घालून नंतर काढता येते. काही जणींचं गळणं त्याच दिवशी थांबतं, तरी तिच्याबद्दल क्वचितच कुणी सांगतं.

शस्त्रक्रिया आहे, पण तिचा विचार तीन महिने नीट व्यायाम केल्यानंतर, आणि आणखी मूल नको असेल तरच. मूत्रमार्गाखाली जाळीची पट्टी बसवण्याची पद्धत १९९०च्या दशकात आली, आणि तिने पुष्कळ जणींना आराम दिला. पण जाळीमुळे झालेल्या गुंतागुंतींवरून ब्रिटनने २०१८ मध्ये तिचा वापर थांबवला होता, हेही माहीत असू द्या आणि सर्जनला स्पष्ट प्रश्न विचारा. लेझरने ‘योनी घट्ट करून’ गळणं थांबवण्याच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्येच अशा उपकरणांविरुद्ध इशारा दिला आहे.

तुमच्या हातात सोळा आठवडे आहेत. पहिला आठवडा तपासणीचा आणि डायरीचा, मग बारा आठवडे हा व्यायाम. तेराव्या आठवड्याअखेर तीन दिवस हीच डायरी पुन्हा लिहा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. गळण्याच्या खेपा निम्म्यावर आल्या असतील आणि उताराचा दोनशे मीटरचा तुकडा कोरडा निघत असेल, तर स्पर्धेत उतरा, उतारावर चालण्याची मुभा ठेवून. फरक नसेल, तर तोच कागद घेऊन यूरोगायनॅकॉलॉजिस्टकडे, म्हणजे बायकांच्या अशा तक्रारींच्या तज्ज्ञाकडे, जा. जाताना मूत्राशय भरलेलं असू द्या. खोकायला सांगतील तेव्हा गळणं त्यांना प्रत्यक्ष दिसलं पाहिजे.